जुनी विंडोज, मोठी डिस्क आणि ताबा बदलण्याचा क्षण

माझ्याकडे एक जुना फिल्म स्कॅनर आहे. तो स्कझी या जुन्या जोडणीच्या कार्डामार्फत संगणकाला जोडावा लागतो आणि त्याचा जो ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, माझ्याजवळ आहे तो विंडोज ९८ वरच चालतो. निगेटिव्हमधला बारकावा तो आजही इतका सुंदर टिपतो की त्याला अडगळीत टाकण्याचा विचार माझ्या मनाला शिवलेला नाही. म्हणून केवळ त्याच्यासाठी मी एक जुना संगणक सांभाळून ठेवला आहे. काही वर्षांपूर्वी त्या संगणकातली मूळची हार्ड डिस्क खडखडू लागली, तेव्हा तिच्या जागी मी १६० जीबीची कोरी आयडीई (जुन्या रुंद केबलने जोडायची) डिस्क बसवली आणि विंडोज ९८ नव्याने इन्स्टॉल केली. डिस्कचे दोन भाग, म्हणजे पार्टिशने, केली होती: सुरुवातीचा ३० जीबीचा सी आणि उरलेल्या १३० जीबीचा डी. बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू होताना मदरबोर्डवरून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पडद्यावर डिस्कची क्षमता पूर्ण दिसत होती, इन्स्टॉल करताना एकही अडथळा आला नाही आणि पुढचे कित्येक महिने स्कॅन केलेली चित्रे डीवर एकामागून एक साठत गेली.

मग एके दिवशी संगणक सुरूच झाला नाही. आदल्या रात्री मी एक चित्र डीवर साठवून तो नेहमीसारखा बंद केला होता. डिस्क काढून मी लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिचा अगदी पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा सेक्टर (डिस्कवरचा लहानात लहान कप्पा) उघडून पाहिला. पार्टिशनांचा तक्ता या सेक्टरमध्ये असतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटांमध्ये ५५ आणि एए ही ठरलेली खूण असावी लागते. तिथे ना तक्ता होता, ना ती खूण. होती ती जवळजवळ सारख्या मूल्यांच्या बाइटांची लांबच लांब रांग, म्हणजे एखाद्या चित्रातल्या आकाशाचा तुकडा असावा तशी. टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशने शोधणारे साधन वापरून डीची हद्द पुन्हा शोधून काढल्यावर त्यातली यादी जशीच्या तशी मिळाली, आणि तिच्यावरून आदल्या रात्रीची फाइल डिस्कवर जिथे असायला हवी होती ती जागा मी तपासली. त्या जागेत नुसती शून्ये होती. फाइलचा मजकूर डिस्कच्या शेवटाकडे जाण्याऐवजी सुरुवातीला जाऊन पडला होता. डीमध्ये लिहिलेल्या चित्राने सीचा जीव घेतला होता.

हे का घडले, याचे गणित साधे आहे. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक असतो आणि आयडीई डिस्क ज्या नियमांनी चालते त्या जुन्या एटीए प्रमाणकात हा क्रमांक लिहिण्यासाठी २८ बिट राखलेले होते. २८ बिटांमध्ये २६,८४,३५,४५६ वेगवेगळे क्रमांक मावतात. सेक्टर ५१२ बाइटांचा धरला, तर एकूण १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट होतात, म्हणजे उत्पादकांच्या दशमान हिशेबाने सुमारे १३७ जीबी आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या द्विमान हिशेबाने नेमके १२८. पुढे एटीए-६ या प्रमाणकाने क्रमांकासाठी ४८ बिट दिले आणि ही हद्द १४४ पेटाबाइटांपर्यंत लांबली. पण विंडोज ९८ सोबत येणारा आयडीई डिस्कचा ड्रायव्हर, ज्याच्या फाइलचे नाव ईएसडीआय_५०६.पीडीआर असे आहे, त्याच्या जन्मवेळी ४८ बिटांचा नियम अस्तित्वातच नव्हता. २८ बिटांत न मावणारा क्रमांक त्याच्या हाती आला की वरचे बिट गळून पडतात आणि उरलेला क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजला जातो, जसा जुन्या मोटारीचा अंतरमापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. ना तो थांबतो, ना तक्रार करतो. त्याच्या दृष्टीने सेक्टर यशस्वीपणे लिहिला गेलेला असतो.

मला मात्र या गणितापेक्षा दुसऱ्या एका प्रश्नाने अधिक दिवस छळले. हा ड्रायव्हर इतका तोकडा होता, तर बायोसने पूर्ण क्षमता कशी दाखवली आणि इन्स्टॉल निर्विघ्न कसे झाले? त्याचे उत्तर सापडले तेव्हा जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि नव्या डिस्क यांच्यातली बहुतेक भांडणे मला एकाच जागेवरून दिसू लागली, आणि हे लिहायला बसले आहे ते त्या जागेविषयी सांगण्यासाठी.

संगणक सुरू होतो तेव्हा डिस्कवरचे वाचन बायोस करतो. पहिला सेक्टर तोच वाचतो, बूट करणारा छोटा प्रोग्रॅम तोच मेमरीत आणतो आणि त्या प्रोग्रॅमलाही डिस्कवरून काही हवे असेल तर तो बायोसलाच विनंती करतो. डॉस तर शेवटपर्यंत बायोसच्याच हाताने डिस्कला हात लावते. विंडोज ९८ च्या इन्स्टॉलचा पहिला टप्पा डॉसमध्ये चालतो, त्यामुळे त्या टप्प्यात जे काही सुरळीत चालते ते बायोसच्या जोरावर. पुढे संगणक पुन्हा सुरू होतो, रंगीत पडदा येतो आणि कुठलीही सूचना न देता डिस्कचा ताबा बायोसकडून विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे जातो. इथून पुढे बायोसला काय येत होते याला काही किंमत उरत नाही. माझ्या मदरबोर्डच्या बायोसला ४८ बिट समजत होते; विंडोजच्या ड्रायव्हरला ते समजत नव्हते; आणि मी पाहिलेला प्रत्येक पुरावा हा ताबा बदलण्याच्या आधीचा होता. "डिस्क दिसते आहे ना, मग झाले" या वाक्यावर माझा विश्वास उडाला तो इथे. डिस्क कोणाला दिसते आहे, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहिले तर विंडोज ९८ सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर तिथे मोठ्या डिस्कचा त्रास का जाणवत नाही, याचाही उलगडा होतो. सेफ मोडमध्ये विंडोजचा वेगवान ड्रायव्हर बाजूला राहतो आणि काम पुन्हा बायोसमार्फत चालते, ते संथ असते पण पत्ते बरोबर असतात. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या परफॉर्मन्स विभागात एखाद्या ड्राइव्हपुढे एमएस-डॉस कंपॅटिबिलिटी मोड वापरला जात असल्याचे लिहून आले, तर त्याचाही अर्थ हाच की ताबा अजून बायोसकडेच आहे.

बायोस म्हणजे सर्वज्ञ, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याच्या स्वतःच्या मर्यादांची एक वेगळी मालिका आहे. सुरुवातीच्या काळात सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी दिला जाई. बायोसच्या नियमात प्रत्येक आकड्याची कमाल एक होती आणि आयडीईच्या नियमात दुसरी, त्यामुळे दोन्हींत बसेल अशी लहान संख्या घ्यावी लागे: १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर. यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणले की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात, म्हणजे ५२८ एमबीची ती प्रसिद्ध भिंत. आकड्यांचे भाषांतर करण्याची युक्ती निघाल्यावर भिंत ८.४ जीबीपर्यंत सरकली आणि बायोसच्या वाढीव सेवा आल्यावर तीही पडली. त्यानंतर ठराविक काळातले काही बायोस ३३.८ जीबीच्या पुढे अडकून पडत. डिस्कची ओळख पटवतानाच संगणक थिजून जाई. त्यासाठी कित्येक डिस्कांवर क्षमता मुद्दाम कमी सांगणारा एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दिलेला असे. आज कोणी जुन्या मदरबोर्डवर ८० जीबीची डिस्क लावून सुरुवातीच्याच पडद्यावर अडकला, तर ऑपरेटिंग सिस्टिमला दोष देण्याआधी त्याने डिस्कच्या लेबलवर छापलेली जंपरांची आकृती पाहावी.

बायोस आणि ड्रायव्हर यांच्या जोडीला तिसरा घटक असतो पार्टिशन पाडणारे आणि फॉरमॅट करणारे साधन, आणि त्याचीही स्वतःची फूटपट्टी असते. विंडोज ९८ सोबतचे मूळ एफडिस्क डिस्कची क्षमता १६ बिटांच्या संख्येत मोजते, म्हणून ६४ जीबीच्या पुढे गेलेली डिस्क त्याला पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखी दिसते. ८० जीबीची निर्दोष डिस्क ते जेमतेम १० जीबीची दाखवते. मायक्रोसॉफ्टने नंतर सुधारित एफडिस्क दिले आणि ते जुन्या फाइलच्या जागी ठेवले की आकडा सुधारतो. विंडोज ९८ चे स्कॅनडिस्क सुमारे १२७.५ जीबीपेक्षा, तेही द्विमान हिशेबाने, मोठे एफएटी-३२ (फाइली कुठे आहेत याची नोंद ठेवण्याची एक पद्धत) पार्टिशन तपासू शकत नाही, कारण त्या पार्टिशनचा तक्ता त्याला मेमरीत एका वेळी घेता येत नाही. विंडोज ९५ ची पहिली आवृत्ती तर फक्त एफएटी-१६ जाणते, त्यामुळे तिथे एक पार्टिशन २ जीबीहून मोठे होतच नाही. एफएटी-३२ आली ती १९९६ मध्ये, त्याच विंडोजच्या सुधारित आवृत्तीसोबत. विंडोज एनटी ४ चा इन्स्टॉलर एनटीएफएस ही वेगळी पद्धत निवडली तरी आधी एफएटी पार्टिशन करून मग त्याचे रूपांतर करतो, म्हणून इन्स्टॉलच्या वेळी त्याचे पार्टिशन ४ जीबीत बसवावे लागते. या सगळ्या मर्यादा त्रासदायक आहेत, पण त्या प्रामाणिक आहेत. त्या समोर येऊन अडवतात किंवा निदान चुकीचा आकडा दाखवून सावध तरी करतात.

विंडोज २००० आणि एक्सपी यांची गोष्ट मला अधिक काळजीची वाटते, कारण या दोन्ही अजून पुष्कळ जण जुन्या यंत्रांसाठी वापरतात आणि त्यांच्या सीडी घरोघरी पडून असतात. एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिला ४८ बिटांचे पत्ते येत नव्हते. ती सोय २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत, म्हणजे दुरुस्त्यांच्या संचासोबत, आली. म्हणजे एकाच नावाच्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन सीडींपैकी एकीला २५० जीबीची डिस्क पूर्ण कळते आणि दुसरीला तीच डिस्क सुमारे १,३१,००० एमबीची वाटते. कोऱ्या डिस्कवर यामुळे फार तर जागा वाया जाते. धोका असतो तो भरलेल्या डिस्कवर. सर्व्हिस पॅक असलेल्या एक्सपीखाली ज्या डिस्कवर १३७ जीबीच्या पलीकडे पार्टिशन पसरलेले आहे आणि त्यात फाइली आहेत, त्या डिस्कवर मूळ सीडीवरून एक्सपी पुन्हा इन्स्टॉल करणे म्हणजे माझ्या त्या चित्राची गोष्ट मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडवण्याला निमंत्रण आहे. विंडोज २००० मध्ये तर तिसरा किंवा त्यानंतरचा सर्व्हिस पॅक घालूनही पुरत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एटीएपीआय सेवेच्या पॅरामीटर्समध्ये एनेबलबिगएलबीए नावाची नोंद करून तिचे मूल्य १ ठेवावे लागते, तेव्हाच ड्रायव्हर मोठे पत्ते वापरू लागतो. ही नोंद सहसा इन्स्टॉल झाल्यानंतरच करता येते, म्हणून पहिले पार्टिशन १३७ जीबीच्या आत ठेवून इन्स्टॉल करायचे, सर्व्हिस पॅक घालायचा, नोंद करायची, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि मगच पुढच्या जागेला हात लावायचा, हा क्रम मोडू नये. ज्यांच्याकडे एक्सपीची मूळ सीडी आहे त्यांनी तिच्यात सर्व्हिस पॅक मिसळून नवी सीडी तयार करून घ्यावी. एनलाइट या साधनाने ते काम होते.

एक्सपीचा दुसरा, आणि अधिक लोकांना भेटलेला, त्रास साटा, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या बारीक केबलच्या, डिस्कांचा. वास्तविक तक्रार साटाशी नसून एएचसीआय या पद्धतीशी आहे. मदरबोर्डवरचा डिस्क कंट्रोलर दोन प्रकारे बोलू शकतो: जुन्या आयडीईचे सोंग घेऊन किंवा एएचसीआयच्या स्वतःच्या भाषेत. एक्सपीच्या सीडीवर एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. सीडीवरून इन्स्टॉल करू गेल्यास एकही हार्ड डिस्क सापडली नाही असे ती सांगते. आणि आयडीई पद्धतीत इन्स्टॉल केलेली एक्सपी, नंतर कोणी बायोसमध्ये जाऊन कंट्रोलर एएचसीआयवर केला, तर सुरू होता होता निळा पडदा दाखवून थांबते. त्या पडद्यावरच्या संकेतांकाच्या शेवटी ७बी असते आणि त्याचे नाव इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. इथे ताबा बदलण्याचा क्षण जणू डोळ्यांना दिसतो. एक्सपीचे चिन्ह पडद्यावर येते, कारण तोवरच्या फाइली बायोसच्या मदतीने वाचलेल्या असतात. मग विंडोजचा गाभा स्वतः डिस्क शोधू लागतो, त्याला तिच्याशी बोलायची भाषा येत नाही, आणि ज्या डिस्कवरून तो नुकताच मेमरीत आला तीच त्याला सापडत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. बायोसमध्ये कंट्रोलरला आयडीई, कंपॅटिबल किंवा लेगसी अशा नावाच्या पर्यायावर ठेवणे हा सर्वांत सोपा, आणि जुन्या कामासाठी तेवढे पुरते. दुसरा मार्ग इन्स्टॉलच्या आरंभी एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याचा. एक्सपी तिथे फ्लॉपीच मागते, त्यामुळे फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या संगणकावर हा मार्ग बहुधा बंद होतो. तिसरा मार्ग ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळण्याचा. यातला कोणताही निवडला तरी एक गोष्ट आधी ठरवावी: पद्धत इन्स्टॉलच्या अगोदर निवडायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. मदरबोर्डची बॅटरी संपली की बायोसच्या नोंदी मूळ स्थितीत जातात आणि कंट्रोलर आपोआप एएचसीआयवर जाऊ शकतो. वर्षानुवर्षे चाललेली एक्सपी एका सकाळी निळा पडदा दाखवू लागली, तर डिस्क गेली असे समजून हातपाय गाळण्यापूर्वी ही एक नोंद पाहून घ्यावी. असा निळा पडदा भीतिदायक दिसतो, पण मी त्याला माझ्या विंडोज ९८ च्या गप्प ड्रायव्हरपेक्षा शतपटीने चांगला मानते. त्याने डिस्कवर एक बाइटही चुकीचा लिहिलेला नसतो.

डिस्क चालते पण संथ चालते, असाही एक प्रकार आहे आणि तो पटकन लक्षात येत नाही. साधारण २०१० नंतरच्या डिस्कांमध्ये आतला खरा सेक्टर ४,०९६ बाइटांचा असतो. जुन्या जगाशी जुळवून घेण्यासाठी त्या बाहेर मात्र ५१२ बाइटांचे सेक्टर दाखवतात. एक्सपी आणि तिच्या आधीच्या विंडोज पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करतात. एका खऱ्या सेक्टरात असे ८ सेक्टर मावतात आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे विंडोजचा प्रत्येक क्लस्टर (सेक्टरांचा गट) डिस्कच्या दोन खऱ्या सेक्टरांवर तिरका बसतो आणि लहानसे लेखन करायचे तरी डिस्कला आधी जुना मजकूर वाचून, त्यात बदल करून, तो पुन्हा लिहावा लागतो. व्हिस्टापासून पार्टिशन १ एमबीच्या सीमेवर, म्हणजे २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरवर सुरू होते आणि ही अडचण उरत नाही. एक्सपीसाठी उपाय असा की जीपार्टेडसारख्या साधनाने आधीच १ एमबीच्या सीमेवर पार्टिशन पाडून ठेवायचे आणि इन्स्टॉलरला ते पुसून नवे करू न देता आहे त्यातच इन्स्टॉल करायला सांगायचे. एसएसडी वापरायची असेल तर हे आवर्जून करावे. एक्सपीला ट्रिम ही, कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवणारी, आज्ञाही माहीत नाही, म्हणून एसएसडीचा काही भाग पार्टिशनविना मोकळा सोडणे मला योग्य वाटते. ज्या डिस्का बाहेरही ४,०९६ बाइटांचेच सेक्टर दाखवतात त्यांच्या वाटेला जुन्या विंडोजसह जाऊच नये. त्यांना पूर्ण आधार मिळाला तो विंडोज ८ पासून.

दोन टीबीची भिंत सर्वांना ठाऊक असते, तरी तिचे एक रूप सांगण्यासारखे आहे. जुना पार्टिशन तक्ता सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितो, म्हणून ५१२ बाइटांच्या सेक्टरांत त्याची हद्द सुमारे २.२ टीबी. एक्सपीला ३ टीबीची डिस्क जोडली तर ती पुष्कळदा ७४६ जीबीची दिसते. हा आकडा आला कुठून, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल: ३ टीबीमधून २.२ टीबी वजा जाऊन जे उरले ते, द्विमान हिशेबाने. एफडिस्कचे १० जीबी, एक्सपीचे ७४६ जीबी आणि शून्य क्रमांकाच्या सेक्टरवर जाऊन पडलेले माझे चित्र ही तिन्ही एकाच कुळातली आहेत. म्हणून एखादी डिस्क आपल्या क्षमतेपेक्षा बरीच लहान दिसली तर मी आधी वजाबाकी करून पाहते, आणि तोवर तिच्यावर काहीही लिहीत नाही.

विंडोज ७ आता जुन्यांच्या पंक्तीत बसली आहे आणि तिच्यापुढे एनव्हीएमई ही वेगवान एसएसडींची नवी पद्धत उभी आहे. २००९ च्या या सिस्टिममध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नव्हता. मायक्रोसॉफ्टने तो नंतर दुरुस्तीच्या रूपाने दिला आणि तो इन्स्टॉलच्या माध्यमात आधीच मिसळावा लागतो. यूएसबी ३ चा ड्रायव्हरही तिच्यात नाही, त्यामुळे नव्या मदरबोर्डवर डिस्कचा प्रश्न सुटण्यापूर्वी कीबोर्ड आणि माउसच बंद पडू शकतात. डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता असेल तर तिथून बूट होण्यासाठी यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली) आणि ६४ बिटांची विंडोज ७ या दोन्ही गोष्टी लागतात. ज्याला पर्याय आहे त्याने विंडोज ७ साठी साधी साटा एसएसडी घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

एखादा जुना प्रोग्रॅमच तेवढा चालवायचा असेल आणि कोणतेही जुने कार्ड किंवा यंत्र जोडायचे नसेल, तर या सगळ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशिन, नव्या संगणकात प्रोग्रॅमने उभा केलेला जुना संगणक. तिथे डिस्क ही एक फाइल असते, तिचा आकार आपण ठरवतो, आणि २० जीबीची आयडीई डिस्क म्हणून ती विंडोज ९८ पुढे ठेवली की कोणतीही भिंत आड येत नाही. माझ्या स्कझी कार्डामुळे तो मार्ग मला बंद होता.

नव्याने मांडणी करताना मी दोन पर्यायांचा विचार केला. विंडोज ९८ साठी ४८ बिटांचा आधार देणारे ड्रायव्हर आहेत. काही चिपसेटांसाठी उत्पादकांनी ते दिले आणि मूळ फाइलच्या हौशी जाणकारांनी दुरुस्त केलेल्या आवृत्त्याही मिळतात. ते चालतात, यात मला शंका नाही. पण विंडोज पुन्हा इन्स्टॉल केली की मूळ ड्रायव्हर परत येतो, आणि ती दुरुस्ती करायला मी एकदा जरी विसरले तरी भरलेली डिस्क पुन्हा त्याच गप्प ड्रायव्हरच्या हाती पडते. माझ्या आठवणीवर अवलंबून असलेला उपाय मला नको होता. म्हणून मी दुसरा पर्याय घेतला: ऑपरेटिंग सिस्टिमला पेलेल एवढीच डिस्क तिच्यापुढे ठेवायची. मोठी डिस्कच वापरणे भाग असेल तर लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनाने तिची क्षमता डिस्कच्याच आत कायमची कमी करून ठेवता येते. मग बायोस, एफडिस्क आणि ड्रायव्हर या तिघांनाही डिस्क स्वतःच लहान आकडा सांगते आणि कोणाच्या गणितात फरक पडत नाही. नुसते पार्टिशन लहान ठेवले तरी चालते, मात्र उरलेली जागा पुढे कोणीतरी वापरात घेईल ही टांगती तलवार राहते.

मी १२० जीबीची साटा एसएसडी घेतली आणि साटाचे आयडीईत रूपांतर करणाऱ्या अडॅप्टरमधून ती जुन्या ८० तारांच्या केबलला जोडली. १२० हा आकडा १३७ च्या आत असल्याने कुठलीही दुरुस्ती लागली नाही. सुधारित एफडिस्क न वापरता मी पार्टिशने लिनक्समध्येच, १ एमबीच्या सीमेवर पाडली. विंडोज ९८ इन्स्टॉल झाल्यावर स्कॅनरला हात लावण्यापूर्वी मी एक चाचणी घेतली, आणि ती मी आता प्रत्येक जुन्या सिस्टिमवर घेते. डिस्कच्या सुरुवातीच्या काही हजार सेक्टरांची नक्कल लिनक्समधून आधी बाजूला काढून ठेवली. मग विंडोज ९८ मध्येच, म्हणजे ताबा बदलून झाल्यावर, दुसरे पार्टिशन मोठमोठ्या फाइलींनी काठोकाठ भरले. शेवटी डिस्क पुन्हा लिनक्सला जोडून सुरुवातीच्या सेक्टरांची त्या नकलेशी तुलना केली आणि भरलेल्या फाइली मूळ फाइलींशी बाइटागणिक ताडून पाहिल्या. सीवरच्या काही नोंदी विंडोज चालू असताना बदलतात, त्यामुळे तिथे थोडा फरक दिसतो, पण शून्य क्रमांकाचा सेक्टर आणि त्याच्या मागचा पहिल्या पार्टिशनपर्यंतचा मोकळा पट्टा जसाच्या तसा राहिला पाहिजे. तो राहिला.

आता स्कॅन केलेली चित्रे त्या संगणकावर साठवून ठेवत नाही. दिवसाचे काम संपले की ती नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर जातात, तिथे त्यांच्या दोन प्रती होतात आणि जुन्या संगणकावरचे डी रिकामे केले जाते. त्या बिघाडात डीवरची बहुतेक चित्रे वाचली. पार्टिशनची हद्द सापडल्यावर ती सरळ उतरवून घेता आली. १३७ जीबीच्या पलीकडे लिहिले गेलेले ते शेवटचे एक चित्र मात्र धड परत मिळाले नाही, कारण सुरुवातीला पडलेल्या त्याच्या मजकुरावर विंडोजने बंद होता होता स्वतःच्या नोंदी लिहिल्या होत्या. निगेटिव्ह माझ्याकडे होती. नव्या डिस्कवर सगळ्यांत आधी तीच स्कॅन केली.